सगळ्यात खालची पायरी

या, बसा. बसण्याआधी हातानं जरा धूळ झटका मात्र, नाहीतर कपड्यांना लाल डाग पडेल आणि नाव माझं येईल. मी पायरी बोलतेय. पाच पायऱ्यांतली सगळ्यात खालची. वरच्या चौघी केव्हाच दुसऱ्या कामाला लागल्या, मी मात्र अजून लोकांच्या बुडाखालीच आहे. हसू नका. आपली पायरी ओळखून राहावं, हे मला कुणी शिकवायला नको.

वेळ आहे ना तुम्हाला? इथे येणाऱ्याला वेळ असावाच लागतो. मग ऐका.

जातीनं मी जारा, या ऑस्ट्रेलियातलं एक झाड. आमच्या बेल्लारप गावाच्या दक्षिणेला जाराचं दाट रान होतं, तिथलं माझं झाड. आमचं लाकूड लाल, जड आणि हट्टी. खिळा ठोकायला जाल तर खिळाच वाकेल. वाळवीसुद्धा आमच्या वाटेला सहसा जात नाही. नेड कारमडी नावाच्या सुतारानं मला कापून आणलं आणि आपल्या शेडमध्ये वाळत ठेवलं. येता जाता तो माझ्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ही टेरीच्या घराला."

टेरी म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. टेरीचं लग्न ठरलं नव्हतं, मुलगी पाहिलेली नव्हती, पण बापानं घराची लाकडं वाळत घातली होती. बाप लोकांचं असंच असतं.

मग पहिलं महायुद्ध आलं, टेरी फ्रान्सला लढायला गेला आणि तिथल्या चिखलातच राहिला. ती बातमी आली त्या दिवशी नेड शेडमध्ये आला, माझ्याकडे न बघता उभा राहिला आणि बाहेर जाऊन त्यानं दार ओढून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणाचा हात लागला नाही. लाकडाला काय कळतं असं तुम्ही म्हणाल. मला कळत होतं.

टेरीबरोबर गावातला आणखी एक पोरगा गेला होता, विल्फ ट्रेगिअर. तो परत आला. डावा पाय मांडीपासून गेलेला आणि उजवा गुडघा न वळणारा. जखमी होऊन पडला होता तेव्हा टेरीनंच त्याला पाठीवर घालून मागे आणलं होतं. त्याला ठेवून टेरी दुसऱ्याला आणायला गेला, तो गेलाच. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

विल्फला बायको होती, एफी. घर नव्हतं. एफीच्या बहिणीच्या घरामागच्या खोलीत दोघं राहत. जखमी शिपायांना मदत करायला गावात एक समिती होती. मोजे विणून विणून बायकांची बोटं झिजली होती. विल्फला मोज्यांचा जोड द्यावा की एकच मोजा, यावर म्हणे समितीत चांगलाच वाद झाला. शेवटी जोड दिला. एक फाटला की दुसरा होईल, असं कुणीतरी शहाण्यानं म्हटलं. पण मोज्यात काही राहता येत नाही. म्हणून गावानं ठरवलं, विल्फला घर बांधून द्यायचं. तेही एका दिवसात.

तुम्ही शेतावर इर्जिक घालता ना, तशी आमच्याकडे घरासाठीही घालतात. मजुरी कुणी घेत नाही, चहा आणि जेवण तेवढं भरपेट. घर पाहावं बांधून म्हणतात. बेल्लारपनं ते एका शनिवारात बांधून पाहिलं! कुणी पत्रे दिले, कुणी खिडक्या दिल्या, खाटकानं दुकान बंद ठेवून खिळे मारले. खिळ्यांपेक्षा स्वतःच्या बोटांवरच जास्त मारले, पण मारले. बायकांनी मटणाची सँडविचेस आणि बादल्या भरभरून चहा पुरवला. आणि नेडनं शेडचं दार उघडलं.

"कारमडी, हे लाकूड तर..." कुणीतरी म्हणालं.

"लाकूड घरासाठी ठेवलं होतं," नेड म्हणाला. "घराला लागतंय."

मला धरून पाच फळ्या त्यानं पायऱ्यांसाठी निवडल्या. कडा गोल केल्या, काचेसारख्या गुळगुळीत केल्या. आमच्याकडे घर जमिनीवर बसवत नाहीत, वाळवी खाते. सगळी घरं खांबांवर उभी असतात आणि पुढे पायऱ्या असतातच. नेडनं तर घर जरा जास्तच उंच घेतलं, पायऱ्या दिसाव्यात म्हणून. संध्याकाळी गाव लांब उभं राहून घराकडे बघत होतं आणि माझी छाती अभिमानानं भरून आली होती. ज्याच्यासाठी घर, त्याला मात्र त्या दिवशी येऊ दिलं नव्हतं. गंमत करायची होती ना!

रविवारी बँड आला. नगराध्यक्षांचं भाषण झालं. विल्फला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"चल विल्फ, जा आपल्या घरात!"

विल्फची खुर्ची माझ्यासमोर येऊन थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या पायरीकडे, तिसरीकडे, पार वर दारापर्यंत पाहिलं. बँड थांबला. तेव्हा कुठे सगळ्या गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. लाकडी पाय येणार आहे, आला की पठ्ठ्या पळेल, असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं. पाय आलाही होता. पण मांडीची जखम पुन्हा पुन्हा चिघळायची आणि तो पाय एफीच्या बहिणीकडे दाराआड खिळ्याला टांगलेला होता. हे कुणी विचारलंच नव्हतं.

"अरे, बघता काय? उचला!" कुणीतरी ओरडलं. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली, बँड पुन्हा सुरू झाला, टोप्या हवेत उडाल्या. नवरदेवासारखा विल्फ आमच्यावरून वर गेला. सगळे खूश. चूक झाली होती ती अशी वाजतगाजत झाकली गेली.

सोमवारी मात्र उचलायला कुणी नव्हतं. ज्याला त्याला आपापली कामं असतात.

"मी जाऊन समितीला सांगते," एफी म्हणाली. "मागच्या बाजूनं एखादी उतरण काढून द्या म्हणते."

"खबरदार! लोकांनी आपली हाडं मोडून घर दिलं आणि आपण काय म्हणायचं? धर्माची गाय अन् दात का गं नाय?"

"दात नसले तरी चालतील विल्फ, पण गोठ्यातून बाहेर तर पडता यायला हवं."

"आणि ही लाकडं कुणाची आहेत माहिती आहे ना? त्या म्हाताऱ्याला मी सांगू, की तुमच्या टेरीच्या पायऱ्यांनी मला कोंडून घातलंय?"

एफी समितीकडे गेली नाही. डॉक्टरकडे किंवा चर्चला जायचं असलं की ती दोन माणसं बोलावून आणायची. माणसं हसत यायची, खुर्ची उचलून खाली ठेवायची. विल्फही हसायचा. ते गेले की म्हणायचा, "उचलतात तेवढा वेळ मी माणूस नसतो गं, पियानो असतो." हळूहळू त्यानं चर्चला जाणं सोडलं. मग डॉक्टरलाच घरी बोलवायला लागला. गावात पाहुणा आला की लोक त्याला घर दाखवायला आणत. "एका दिवसात बांधलं बरं का!" वर व्हरांड्यात विल्फ बसलेलाच असे. तो हात हलवून म्हणे, "झकास घर आहे!" केक यायचे, जॅमच्या बरण्या यायच्या. आणणारी माणसं माझ्यावर बूट पुसून धाडधाड वर चढायची. फार चांगली माणसं हो. आजही आठवली की जीव भरून येतो. पण त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही, बाबा रे, तू खाली कसा येतोस?

नेड दर रविवारी चर्चमधून थेट इकडे यायचा. बूट चिखलाचे म्हणून वर चढायचा नाही, माझ्यावरच बसायचा आणि पाइप पेटवायचा. विल्फ वर, तो खाली. दोघं पावसापाण्याचं बोलायचे, मेंढ्यांचं बोलायचे. बोलताना नेडचा हात माझ्या कडेवरून फिरत राहायचा.

"पायऱ्या ठीक आहेत ना रे? हलत-बिलत नाहीत ना?"

"जागच्या हलत नाहीत, मिस्टर कारमडी."

"नेड म्हण की लेका."

"हो, मिस्टर कारमडी."

मग विल्फ-एफीच्या पोटी आयव्ही जन्मली. रांगायला लागली, चालायला लागली. आम्हा पाचजणींवर तिचं भारी प्रेम. पालथी होऊन, पाय खाली सोडत, ती एकेक पायरी उतरायची आणि मला पोचली की टाळ्या वाजवायची. बापाला जे जमत नव्हतं ते या चिमुरडीला दुसऱ्या वर्षीच जमलं. विल्फ वरून बघायचा. हसायचा, पण ते हसू काही खरं नव्हतं.

एका रविवारी एफी मागे कपडे वाळत घालत होती. फाटक उघडं राहिलं होतं. आयव्ही खाली उतरली आणि टाळ्या न वाजवता तशीच फाटकाकडे धावली. तेवढ्यात उतारावरून लोकरीच्या गाठी लादलेली घोडागाडी खडखडत आली.

"आयव्ही! एफी, एफी, पोर!"

एफीला ऐकू गेलं नाही. विल्फनं खुर्चीतून स्वतःला खाली झोकून दिलं. आमच्यावरून धडधडत आला. माझ्या कडेवर त्याची हनुवटी आपटली, त्याचं गरम रक्त माझ्यावर सांडलं. थांबला नाही. कोपरांवर सरपटत अंगण ओलांडलं आणि फाटकात पोरीच्या झग्याचं टोक धरलं. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

पलीकडे रस्त्यावर नेड उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

तो धावत आला, पोरीला उचललं, विल्फला बसतं केलं. विल्फ धापा टाकत म्हणाला, "काही नाही हो, पाय घसरला जरा."

"कुठला?" नेडनं विचारलं.

एवढ्यात एफी आली. नवऱ्याचं रक्त पाहिलं, पोरीला छातीशी धरलं आणि इतके दिवस साठलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"रोज कसा उतरतो म्हणून विचारा ना त्याला! उतरतच नाही तो. घर दिलंत, फार उपकार झाले. पण तो वरून जग बघतो, मिस्टर कारमडी, आणि जग खालून त्याला बघून जातं."

"एफी, गप्प बस!"

"नाही बसणार. आज माझी पोर गेली असती."

नेडनं एकवार पायऱ्यांकडे पाहिलं. टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

"झालं समाधान?" विल्फ म्हणाला. "त्याच्या मेलेल्या मुलाच्या लाकडाला नाव ठेवलंस." आणि तो रडला. मला दिलेला मान त्याला कळत होता आणि माझा जाच त्यालाच होत होता. मी तरी काय करणार? चढणाऱ्याला चढवायचं एवढंच मला येतं.

पुढच्या रविवारी नेड आला नाही. विल्फ दिवसभर फाटकाकडे डोळे लावून बसला होता.

त्यानंतरच्या शनिवारी नेड आला. हातात करवत होती.

"मिस्टर कारमडी, नका," विल्फ वरून म्हणाला. "टेरीसाठी ठेवलेली लाकडं आहेत ती."

नेड वर मान करून त्याच्याकडे बघत राहिला. "टेरीनं तुला पाठीवर घातलं होतं ना?"

"हो."

"ते पुन्हा कुणाला तुला उचलावं लागू नये म्हणून, लेका. आयुष्यभर चौघांनी खांद्यावरून मिरवावं म्हणून नाही." तो खाकरला आणि मुद्दाम चिडल्यासारखा म्हणाला, "मला मूर्ख म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी दोन शिव्या हासडायला काय झालं होतं तुला? टेरी असता तर चार घातल्या असत्या. आता बोल. उतरण किती लांब हवी? थेट फाटकापर्यंत काढतो."

विल्फनं फाटकाकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "फाटकाकडे नको. पाण्याच्या टाकीकडे वळवा."

"टाकीकडे?"

"एफी दिवसभर बादल्या वाहते. तेवढं पाणी मला आणून देता आलं तर..."

दारात उभी असलेली एफी आत निघून गेली. नवऱ्याच्या मनात हे आहे, ते तिलासुद्धा ठाऊक नव्हतं. बघा, समितीनं वर्षभर बैठका घेतल्या असत्या तरी कुणाला टाकी सुचली नसती.

वरच्या चौघी उतरणीत गेल्या. मी उरले. नेडनं मला दोन ठोकळ्यांवर ठेवून उतरणीच्या पायथ्याशी बाक केला. संध्याकाळी विल्फ एकटा खाली आला, अगदी सावकाश, चाकं हातानं रोखत. टाकीची तोटी सोडली, बादली मांडीवर घेतली आणि वर निघाला. निम्मं पाणी अंगावर सांडलं. उरलेलं त्यानं एफीपुढे ठेवलं. एफीनं त्या पाण्याचा चहा केला. नेड माझ्यावर बसला होता, विल्फची खुर्ची शेजारी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांची डोकी एका उंचीवर आली होती.

"चहा घ्या, नेड," विल्फ म्हणाला.

ते माझे सुखाचे दिवस. विल्फ खुर्ची ढकलत गावभर हिंडू लागला. समितीवर गेला आणि तिथे त्यानं एक पद्धत पाडली. कुणीही जखमी होऊन आला तर लाकूड, खिळे, केक काही न्यायचं नाही. आधी एकानं जाऊन त्याच्याशेजारी बसायचं, त्याच्या बायकोशेजारी बसायचं आणि विचारायचं, काय हवं? "पहिलं उत्तर धरायचं नाही," विल्फ सांगायचा. "पहिल्यांदा सगळे म्हणतात, काही नको, मजेत आहे. मीही म्हणायचो. चहा गार होईपर्यंत थांबायचं. खरं उत्तर गार चहाबरोबर येतं."

दुसरं महायुद्ध झालं, आणखी लढाया झाल्या, पोरं येतच राहिली. कितीजण माझ्यावर बसले आणि काय काय मागून गेले! एकाला मेंढ्यांची लोकर कातरता येईल असा हात हवा होता. एकाच्या बायकोला फक्त एक दुपार झोप हवी होती. समितीच्या बायकांनी तीही दिली, मुलं सांभाळून.

नेड गेला. विल्फ गेला, मग एफी. आयव्ही समितीची सर्वेसर्वा झाली, म्हातारी झाली, शेवटी तीही चाकाच्या खुर्चीत बसली आणि बापाच्याच उतरणीवरून ये-जा करू लागली. माझं लाल रूप करडं पडलं, कडेला चीर गेली. संध्याकाळी टाकीची तोटी ठिबकली की मला उगाच वाटायचं, विल्फ बादली लावतोय.

मग ब्रॉडी आला. अफगाणिस्तानातून परतलेला, तिशीही न गाठलेला. समितीची आताची कार्यकर्ती ग्लेनिस. मनानं सोनं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं सगळ्यांसाठी एकसारखे शर्ट शिवून घेतले होते आणि ब्रॉडीच्या घराला उतरण, न्हाणीघरात कठडे, सगळा बेत कागदावर तयार. ती आयव्हीला दाखवायला आली.

"ग्लेनिस, त्याला विचारलंस का गं?"

"त्यात काय विचारायचं? जखमी आहे ना तो!"

"त्याला दोन्ही पाय आहेत, बाई."

ग्लेनिस माझ्यावर मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी आयव्हीनं ब्रॉडी आणि त्याची बायको टेगन यांना चहाला बोलावलं. ब्रॉडी फाटकापाशीच उभा राहिला, आत येईना. शेवटी माझ्या कडेला टेकला. आयव्हीनं विचारलं. "काही नको, ठीक आहे," तो म्हणाला. आयव्ही थांबली. चहावर साय धरली. टेगन डोळे पुसत होती.

"लोक घरात आले की मी मागच्या दारानं पळतो," ब्रॉडी अखेर म्हणाला. "भिंतीला हातोडा ठोकला तरी मी टेबलाखाली जातो. पोरगी घाबरते मला. आणि कुणीच आलं नाही तर... तर तेही वाईट." तो माझ्या चिरेत नख घालत राहिला. "कुणीतरी बाहेर बसावं. आत येऊ नये. काही विचारू नये. मला वाटलं तर मी येईन."

"एवढंच?" आयव्ही म्हणाली.

"हे फार आहे, आजी."

संध्याकाळी ग्लेनिसनं मला गाडीत घातलं. निघताना आयव्हीनं माझ्यावरून हात फिरवला, अगदी नेड फिरवायचा तसा. ती आता नाही. मी मात्र इथे आहे, ब्रॉडीच्या दारासमोर, या झाडाखाली. रोज दुपारी गावातलं कुणीतरी येऊन बसतं. ग्लेनिससुद्धा बसते. ती तासभर गप्प राहू शकते, यावर तिच्या नवऱ्याचा अजून विश्वास बसत नाही. कितीतरी दिवस दार बंदच होतं. मग एकदा पडदा हलला. परवा दार बोटभर उघडलं आणि मिटलं.

आज तुमची पाळी. माझं एवढंच मागणं आहे, घाई करू नका. हातातला केक बाजूला ठेवा, छान वाक्यं जुळवून आणली असतील तर तीही ठेवा. माझ्यावरून चढून जाणारे मी खूप पाहिले. माझ्यावर बसून राहणारे थोडे. पण जे बसले, त्यांनीच माणसं खाली आणली.

कडी वाजली वाटतं.

वळून बघू नका. थोडं सरका, त्याला बसायला जागा करा.